रहस्य, अद्भुत आणि समलिंगी प्रेम : कुंभकोणम्‌च्या निमित्ताने

एकाच गावाच्या मातीतून उगवलेली पुस्तके वाङ्मयेतिहासात मात्र एकमेकांच्या शेजारी क्वचितच बसतात. कोणते लेखन 'साहित्य' आणि कोणते नुसते 'रंजन', हे इतिहासकाराने आधीच ठरवलेले असते, आणि त्या निवाड्यानुसार प्रत्येक पुस्तकाची रवानगी आपापल्या कपाटात होते. कावेरीकाठचे कुंभकोणम् हे याचे बोलके उदाहरण आहे. न. पिच्चमूर्ती (1900-1976) आणि कु. प. राजगोपालन (1902-1944) हे आधुनिक तमिळ लघुकथेचे दोन आधारस्तंभ या गावचे. ति. जानकीरामन येथील सरकारी महाविद्यालयात शिकले आणि 'मोगमुळ्' या कादंबरीसाठी त्यांनी हेच गाव निवडले. तमिळ अभिजात गद्याची ही पेठ होय, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. परंतु याच पेठेशी नाते सांगणाऱ्या तीन कादंबऱ्या अशा आहेत, की त्यांचा एकत्र विचार करण्याचे कारण आजवर कोणाला पडलेले दिसत नाही. ते कारण आता उपस्थित झाले आहे.

पहिली कादंबरी वडुवूर दुरैसामी अय्यंगार यांची 'कुंभकोणम् वक्कील'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळ वाचकाला रहस्यकथेची गोडी लावणाऱ्यांत अय्यंगारांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचा दिगंबर सामियार हा वेषांतरात निष्णात असलेला शोधक इतका लोकप्रिय झाला, की 1950 मध्ये त्याच्या नावाचा चित्रपट निघाला आणि एम. एन. नंबियार यांनी तीत एकामागून एक सोंगे वठवली. दुसरी कादंबरी करिच्चान कुंजु (1919-1992) यांची 'पसित्त मानिडम्', म्हणजे भुकेलेली माणसे, प्रकाशन 1978. लेखकाचे मूळ नाव आर. नारायणस्वामी. कु. प. राजगोपालन 'करिच्चान' या टोपणनावाने लिहीत. त्यांचे पिल्लू ते 'कुंजु', अशा शिष्यभावाने नारायणस्वामींनी हे नाव घेतले. पुरुषापुरुषांतील शरीरसंबंधांचे इतके उघडे चित्रण त्यापूर्वीच्या तमिळ गद्यात विरळाच सापडेल. तिसरी कादंबरी एम. व्ही. वेंकटराम (1920-2000) यांची 'कादुगळ्', म्हणजे कान. नायकाच्या कानांत अखंड आवाज घुमू लागतात, त्या आवाजांतून दैवी आणि तामसी शक्तींचा झगडा चालतो, आणि त्या झगड्यात एका संसारी माणसाचे आयुष्य ढासळत जाते. या कादंबरीला 1993 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

रहस्य, समलिंगी वासना आणि अद्भुत असे हे तीन धागे एका गावाच्या आसपास वेगवेगळ्या हातांनी कातले गेले. ते एका वस्त्रात विणले गेले नाहीत. इतर भाषांत मात्र ते विणले गेले आहेत. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाची कथा भुताखेतांच्या आणि गुन्ह्याच्या शोधाच्या चौकटीत सांगणारा एक स्वतंत्र कादंबरीप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला असून त्याला मोठा वाचकवर्ग लाभला आहे. इंग्रजीत जॉर्डन एल. हॉक यांची 'विडरशिन्स' (2012) किंवा के. जे. चार्ल्स यांची 'द मॅगपाय लॉर्ड' (2013) ही या प्रकाराची परिचित उदाहरणे. चिनी भाषेत मो श्यांग थोंग श्यू या लेखिकेची 'मो दाव त्झू शी' ही 2015 पासून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी भूतविद्या, जुन्या हत्यांचा उलगडा आणि दोन पुरुषांचे प्रेम यांची एकत्र गुंफण करते. भारतीय भाषांतील विद्यापीठीय समीक्षेने या प्रकाराकडे अद्याप पाठ फिरवली आहे. ही उपेक्षा योग्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे.

या प्रकारावर घेतले जाणारे आक्षेप साधारणतः तीन आहेत. पहिला असा, की ही साचेबंद रंजनकथा आहे. शेवट गोड होणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असते. दुसरा असा, की हे परक्या भूमीतील रोपटे आहे; भारतीय परंपरेत त्याला मूळ नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या माणसांनी खरोखर छळ सोसला, त्यांच्या दुःखाला भुताच्या गोष्टीत घालणे म्हणजे त्या दुःखाची थट्टा करणे होय. तिन्ही आक्षेपांत काही तथ्य आहे. म्हणूनच त्यांचा विचार उडवाउडवीने न करता क्रमाने केला पाहिजे.

साचेबंदपणाचा आक्षेप प्रथम घेऊ. गोड शेवट ही प्रेमकथेची अट असते, हे खरे. परंतु ज्यांना तो शेवट कधीच नाकारला गेला नाही, त्यांनाच तो क्षुल्लक वाटतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली आणि तिचा शेवट सुखाचा करण्याचा निश्चय केला. ती प्रसिद्ध झाली 1971 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. नायकांपैकी एखाद्याला फासावर किंवा विहिरीत धाडले असते तर ती कदाचित आधी छापता आली असती, ही फॉर्स्टर यांचीच जाणीव होती. मराठीतही याचा प्रत्यय येतो. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (1981) या नाटकाने स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाला रंगभूमीवर आणले, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. पण मित्राच्या वाट्याला तिथे मरणच येते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (2006) या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरू तरुणावर प्रेम करतात, आणि दोघांच्याही हाती उरतो तो विरह. या कृतींच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. वाद आहे तो गंभीर साहित्याने नकळत पाळलेल्या एका नियमाविषयी: असे प्रेम दाखवायचे, पण त्याचे पर्यवसान मृत्यूत, वेडात किंवा वियोगात करायचे. शंभर कथांचा शेवट एकसारखा दुःखाचा झाला तर तोही साचाच होय. फरक एवढाच, की त्या साच्याला 'वास्तववाद' हे भारदस्त नाव मिळते.

'पसित्त मानिडम्' या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. गणेशन कुष्ठरोगाने ग्रासलेल्या शरीराने चार दशकांनंतर बालपणीच्या गावी परततो आणि त्याला आपले सारे आयुष्य आठवते. देखण्या, अनाथ, हुशार मुलाला आश्रय देणाऱ्या वडीलधाऱ्या पुरुषांनीच त्याचा उपभोग घेतला. त्यातूनच त्याला स्वतःच्या वासनेची ओळख पटत गेली. आणि ब्राह्मणी शुचितेच्या कल्पना त्याच्या डोळ्यांदेखत गळून पडल्या. करिच्चान कुंजु यांनी येथे जे धैर्य दाखवले, ते 1978 मध्येच नव्हे तर आजही दुर्मीळ आहे. सुधा जी. टिळक यांच्या इंग्रजी अनुवादाने 2023 मध्ये ही कादंबरी तमिळेतर वाचकांपर्यंत पोचली, तेव्हा अनेकांना तिच्या नवेपणाचे आश्चर्य वाटले. परंतु या कादंबरीत भूक आहे, आश्रय आहे, शोषण आहे, प्रायश्चित्त आहे. बरोबरीच्या नात्याने केलेले आणि परत मिळालेले प्रेम तीत केंद्रस्थानी नाही. तो लेखकाचा दोष नव्हे. त्याने जे पाहिले ते लिहिले. दोष आहे तो तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या समीक्षेचा. शोषणाची कथा सांगून झाली म्हणजे प्रेमाची कथा सांगण्याचे कर्तव्य पार पडले, असे होत नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. त्याला उत्तर देण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. देवघरातली पोथी उघडली तरी पुरे. श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' 1718 मध्ये बारामतीत पूर्ण झाले आणि तेव्हापासून ते घरोघर वाचले जात आहे. त्यातील सीमंतिनी आख्यानाच्या ओघात सुमेध आणि सोमवंत या दोन ब्राह्मणकुमारांची कथा येते. दोघे बालमित्र. सीमंतिनी राणी सोमवारी दंपतीपूजन करून विपुल दान देते, म्हणून विदर्भाचा राजा त्यांना पती-पत्नीच्या वेषात तिकडे पाठवतो. राणी सोंग ओळखते, तरीही त्यांना उमामहेश्वर मानून पूजा करते. आणि तिच्या भक्तीच्या प्रभावाने सोमवंत खरोखरच स्त्री होतो. परतीच्या वाटेवर तोच मित्रावर अनुरक्त होतो. मुलगा गमावल्याच्या दुःखाने पिता आकांत करतो, राजा देवीला साकडे घालतो. पण भक्ताने घडवलेले मोडता येत नाही असा निर्वाळा देवीच देते, आणि दोघांचे लग्न लागते. सोंग, त्याची उकल, अद्भुत रूपांतर, प्रेम, समाजाचा आक्षेप आणि विवाहाचा मंगल शेवट असे सारे घटक येथे आहेत. सोमवारी ही कथा ऐकणाऱ्या कोणत्याही आजीला तीत काही परके वाटलेले नाही.

राजस्थानी भाषेतील उदाहरण याहूनही पुढचे आहे. विजयदान देथा (1926-2013) यांच्या 'दोहरी जूण' या कथेत दोन वाण्यांनी मुले जन्मण्यापूर्वीच सोयरीक ठरवलेली असते. दोन्ही घरी मुलीच होतात. एक बाप लोभापायी मुलीला मुलगा म्हणून वाढवतो आणि लग्न लावून देतो. पहिल्या रात्री सत्य उघडकीस येते. पण बीजा आणि तीजा यांना एकमेकींची संगत इतकी गोड वाटते, की विभक्त होण्याऐवजी त्या गाव सोडतात. त्यांना आश्रय देतात ती भुते. माणसांनी हाकललेल्यांना भुतांनी थारा दिला, एवढ्या एका योजनेत देथांनी समाजावर केलेली टीका कोणत्याही प्रबंधाहून तीक्ष्ण आहे. पुढे एकीला पुरुषाचे शरीर मिळते, आणि त्यासरशी पुरुषाची सत्ताही तिच्या अंगी संचारते. तेव्हा ते शरीर टाकून ती पुन्हा स्त्री होते. सोमवंताला प्रेमासाठी शरीर बदलावे लागले; बीजाने प्रेमासाठी बदललेले शरीर परत केले. या दोन कथांमधील अंतर हाच भारतीय साहित्यातील या विषयाचा खरा इतिहास आहे, आणि तो कोणत्याही परदेशी ग्रंथातून उसना आणलेला नाही.

रहस्यकथेच्या बाबतीत तर स्वदेशी-विदेशी हा भेदच फसवा आहे. रेनल्ड्सच्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचा प्रभाव अय्यंगारांच्या पिढीतील तमिळ लेखकांवर होता. त्याच रेनल्ड्सच्या छायेत हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी 1885 मध्ये जन्मली. मराठी सामाजिक कादंबरीचे प्रवर्तक आणि तमिळ रहस्यकथेचे प्रवर्तक एकाच दुकानातून कागद घेत होते, असे म्हणायला हरकत नाही. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहून मराठी वाचकांच्या पिढ्या जोपासल्या, आणि नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी भयकथेला मराठी घर, मराठी अंगण आणि मराठी तिन्हीसांज मिळवून दिली. रूप बाहेरून आले, पण ते येथे रुजले. ज्या प्रकाराला मराठीने आणि तमिळने एकदा आपलेसे केले, त्यात नायकाचे प्रेम मात्र एकाच जातीचे असले पाहिजे, हा नियम कोणत्या शास्त्रात सांगितला आहे?

तिसरा आक्षेप उरतो: दुःखाची थट्टा. त्याचे उत्तर शोधताना 'कादुगळ्' ही कादंबरी मार्गदर्शक ठरते, जरी तिचा विषय समलिंगी प्रेम नसला तरी. वेंकटराम स्वतः कुंभकोणम्‌च्या सौराष्ट्र विणकर समाजातले, रेशमाच्या व्यवसायातले. कानांतील आवाजांचा अनुभव त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून कादंबरीत आला. कादंबरी त्या आवाजांना भ्रम म्हणून मोडीत काढत नाही आणि चमत्कार म्हणून मिरवतही नाही. तिचे खरे दुःख निराळे आहे: जे एकाला अहोरात्र ऐकू येते, ते शेजारी बसलेल्या बायकामुलांना ऐकू येत नाही. अनुभव आहे, पण त्याला साक्षीदार नाही. अद्भुतकथेचा गाभा भुतात नसतो; तो या साक्षीच्या अभावात असतो. 'मी पाहिले' असे म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील, हा तिचा मूळ प्रश्न असतो.

हाच प्रश्न समलिंगी प्रेमाचाही आहे. ज्या समाजाच्या बोलीत त्या भावनेला शिवीखेरीज शब्द नाही, तेथे ती अनुभवणाऱ्या मुलाची स्थिती आवाज ऐकणाऱ्या महालिंगमपेक्षा फारशी वेगळी नसते. जे आपल्याला होते ते इतर कोणाला होत असेल काय, की हे आपल्याच डोक्यातले आहे? म्हणून भयकथा आणि समलिंगी प्रेमकथा यांचा मेळ हा बाजाराने जुळवलेला योगायोग नव्हे. दोहोंची रचना मुळातच एक आहे. प्रेमकथा या रचनेत जी भर घालते ती महत्त्वाची. ती दुसरा साक्षीदार आणते. आपल्याला जे दिसते तेच आणखी कोणाला तरी दिसते, आपल्याला जे ऐकू येते ते दुसऱ्या कानालाही ऐकू येते, हा क्षण या कथांमध्ये प्रेमाचा क्षण असतो. तेथे दुःखाची थट्टा होत नाही. त्या दुःखाला असलेल्या एकाकीपणावर कथा उपाय शोधते. उपाय काल्पनिक असेल. पण कोणत्या कथेतला उपाय काल्पनिक नसतो?

येथवर या प्रकाराचा कैवार घेतला. आता त्याच्या दोषाकडे वळले पाहिजे, कारण तो किरकोळ नाही. रहस्यकथा म्हटली की तिला एक गुपित लागते आणि शेवटच्या प्रकरणात ते फोडावे लागते. समलिंगी प्रेमाची कथा रहस्यकथेच्या साच्यात ओतताना लेखकापुढे पहिला मोह उभा राहतो, तो ते प्रेमच गुपित करण्याचा. दोघे मित्र रात्री-अपरात्री कोठे भेटतात? मृताच्या पेटीतील पत्रे कोणाची? वाचक पाने उलटत राहतो, आणि शेवटी उलगडा होतो तो एवढाच, की त्यांचे एकमेकांवर प्रेम होते. मग प्रेमाला खुनाची जागा मिळते. प्रेमी आरोपी ठरतात, शोधक पोलीस होतो आणि वाचक पंच. भयकथेतही तसेच घडते. शेरिडन ल फॅन्यूच्या 'कार्मिला' (1872) या कथेत स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री हीच रक्तपिपासू पिशाच्च आहे. तिच्या छातीत खुंटा ठोकल्यावरच घराला शांती लाभते. येथे अद्भुताने प्रेमाला साक्षीदार दिला नाही; त्याने प्रेमाचेच भूत केले.

ही कसोटी म्हणून वापरता येईल. या प्रकारातील कोणत्याही कादंबरीला एकच प्रश्न विचारावा: गुपित कोठे ठेवले आहे? प्रेम हेच गुपित असेल, तर ती कादंबरी जुन्याच बंदिवासाला नवे कुलूप लावते. प्रेम उघडे असेल आणि गुपित दुसरीकडे असेल, म्हणजे जमिनीच्या खोट्या दस्तात, देवस्थानाच्या गहाळ दागिन्यांत, जुन्या हत्येत किंवा मृताच्या अपुऱ्या राहिलेल्या शब्दात, तर ती कादंबरी खऱ्या अर्थाने काही नवे करते. अमेरिकन लेखक जोसेफ हॅन्सन यांनी 1970 मध्ये 'फेडआउट' या कादंबरीत विमा कंपनीसाठी तपास करणारा डेव्ह ब्रँडस्टेटर हा शोधक निर्माण केला. तो समलिंगी आहे हे त्या कथेतले रहस्य नाही. तो त्याचा स्वभाव आहे. रहस्य निराळेच आहे आणि ते उलगडणे हे त्याचे काम आहे. जो वर्षानुवर्षे संशयित होता त्याच्या हाती शोध सोपवणे, एवढा बदलही पुरेसा क्रांतिकारक ठरला.

'कोबाल्ट ब्लू'चे या कसोटीवर पुनर्मूल्यमापन करता येते. भाडेकरू तरुण कोण, कोठून आला, कोठे गेला, याचा पत्ता कादंबरी शेवटपर्यंत देत नाही. त्याचे नावही ती सांगत नाही. परंतु तनयचे त्याच्यावरील प्रेम वाचकापासून एका ओळीनेही लपवलेले नाही. प्रेम उघड आणि माणूस अज्ञात, ही मांडणी रहस्यकथेची नेहमीची चाल नेमकी उलटवते. शेवट विरहाचा असला तरी त्या विरहाला शिक्षेचे रूप नाही. समीक्षेने या कादंबरीला कौटुंबिक कथा म्हणून वाचले. तिच्यातील रहस्यकथेचा हा कणा मात्र फारसा हाताळला गेलेला नाही.

हा विचार केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. त्यात कायद्याचा आणि जगण्याचा प्रश्न गुंतला आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 377 ने जे गुपित निर्माण केले, त्याच्याच आश्रयाने धमकावून पैसे उकळणारा माणूस जन्माला आला, आणि रहस्यकथेला एक तयार खलनायक मिळाला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी काढून घेतला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी परत दिला. प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारला. म्हणजे आज प्रेम अपराध नाही, पण त्याला कागदोपत्री साक्षीदारही नाही. पोथीत सोमवंताचा विवाह देवीने मान्य केला. न्यायालयात त्याचे वंशज अद्याप दाराशी उभे आहेत.

तमिळनाडूत या संदर्भात घडलेली एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. घरच्यांच्या धाकाने पळून आलेल्या दोन तरुणींच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी आपले अज्ञान मोकळेपणाने मान्य केले, स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजून घेतला आणि मग 7 जून 2021 रोजी आदेश दिला. पुढे त्याच प्रकरणाच्या ओघात, 2022 मध्ये, शासनाने अशा व्यक्तींसाठी आदरयुक्त तमिळ संज्ञांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. शब्द नव्हते, म्हणून शब्द घडवावे लागले. पण राजपत्रातला शब्द माणसाच्या जिभेवर येतो तो कथेमुळे. संज्ञा शासन देऊ शकते. तिला घरचा वास, स्वयंपाकघरातला उच्चार आणि रुसव्याफुगव्यातली लकेर फक्त कादंबरीच देऊ शकते. हे काम प्रबंधांनी होणार नाही. ते लोकप्रिय कथेने होईल, कारण तिलाच लोक वाचतात.

या दृष्टीने कुंभकोणम्‌कडे परत यावे. त्या गावाहून काही मैलांवर तिरुविडैमरुदूर आहे, मराठी कागदपत्रांतील मध्यार्जुन. तंजावरच्या गादीवरून 1798 मध्ये दूर झालेला अमरसिंह येथेच येऊन राहिला होता, त्यामुळे मराठी इतिहासालाही हे स्थळ अपरिचित नाही. तेथील महालिंगस्वामीच्या देवळाची आख्यायिका अशी, की वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली सापडून एक ब्राह्मण मेला आणि ब्रह्महत्येचे भूत राजाच्या मागे लागले. राजा पूर्वेच्या दाराने देवळात शिरला. भूत आत जाऊ शकेना, म्हणून दाराशी वाट पाहत थांबले. राजा दुसऱ्या दाराने बाहेर पडला. आजही तेथे येणारे भाविक, ज्या दाराने आत गेले त्या दाराने परत फिरत नाहीत.

या आख्यायिकेत एक नाजूक न्याय आहे. भूत खोटे ठरवलेले नाही, त्याचा वधही केलेला नाही; ते आपल्या जागी उभे आहे. राजा निर्दोष होता असेही कथा म्हणत नाही. माणसाला दुसरे दार असते, एवढेच ती सांगते. समलिंगी प्रेमाच्या कथेला भारतीय साहित्याने आजवर एकच दार ठेवले: रूपांतराने आत यावे आणि त्याच दाराने, मरण किंवा वियोग पत्करून, परत जावे. रहस्य आणि अद्भुत यांनी नटलेली ही नवी प्रेमकथा, तिच्यातील सारे कच्चेपण जमेस धरूनही, दुसरे दार दाखवते. भुताला तेथेच सोडून दोघांना हातात हात घालून रस्त्यावर येता येते.

हे दार किती पक्के आहे, त्याच्या चौकटीला वाळवी लागली आहे काय, हे तपासणे हे समीक्षेचे काम आहे. 'मो दाव त्झू शी'वरून 2019 मध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली, तेव्हा नियंत्रणाच्या धाकाने त्यातील प्रेमाला मैत्रीचे रूप द्यावे लागले, आणि उघडे प्रेम पुन्हा प्रेक्षकाने ओळखायचे गुपित बनले. अशी माघार येथेही होऊ शकते. म्हणूनच भारतीय भाषांच्या विभागांनी या लेखनाकडे अभ्यासविषय म्हणून पाहणे अगत्याचे आहे. 'कुंभकोणम् वक्कील', 'पसित्त मानिडम्' आणि 'कादुगळ्' या कादंबऱ्या एका अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवाव्यात. त्यांच्याजवळ श्रीधराचे आख्यान, देथांची कथा आणि 'कोबाल्ट ब्लू' ठेवावी. आणि विद्यार्थ्याला विचारावे, की यांपैकी प्रत्येकात गुपित कोणाचे आहे, साक्षीदार कोण आहे आणि बाहेर पडण्याचे दार कोठे आहे. या प्रश्नांची उत्तरे शोधताना कदाचित एखादा विद्यार्थी या तीन धाग्यांचे वस्त्र स्वतःच विणायला बसेल. कावेरीकाठच्या विणकरांच्या गावाला ते शोभूनच दिसेल.